मुलीला मोटार उघडू द्या: कोडोलीच्या एका वडिलांना सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला का ते तुम्हालाही बघता येईल. कोडोलीत तुमचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारीत नव्यानं तार भरायचं दुकान आहे. मुलीला दहावीला 91 टक्के पडलेत आणि तिला डिप्लोमा करायचाय, इलेक्ट्रिकल नाहीतर मेकॅनिकल. आजीचं म्हणणं, पोरीच्या जातीला हात काळे करायचं शिक्षण कशाला. मामा म्हणतात, कॉम्प्युटरला घाला, एसीत बसून काम. तुम्ही तिच्या बाजूनं आहात. तिचा उत्साह टिकावा म्हणून तिला काय सांगावं, कुणाची उदाहरणं द्यावीत, कुठली व्याख्यानं ऐकवावीत, असं तुम्ही विचारलंय.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. नोकरीची बरीच वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांमध्ये, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत काढली. आता गोकुळ शिरगावला माझं स्वतःचं मशीन शॉप आहे आणि दरवर्षी डिप्लोमाची मुलंमुली आमच्याकडे ट्रेनिंगला येतात. त्यांच्याबरोबर रोज काम करताना जे दिसतं, त्यावरून लिहिते.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य जाता जाता आलंय: "दुकानाच्या पावत्या आणि हिशेब तीच बघते, मोटारीच्या कामाला मात्र मी आणि कामावरची दोन पोरं, तिला त्यात घालत नाही." माझ्या मते खरा प्रश्न या वाक्यात आहे, व्याख्यानांत नाही.

मुलींमध्ये उत्साहाची कमतरता मला फारशी दिसत नाही. ज्या मुली मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलला येतात त्या घरच्यांशी भांडून, ठरवून आलेल्या असतात. त्यांना कमी पडते ती कामाशी असलेली ओळख. उद्यमनगरात वाढलेला मुलगा सातवी-आठवीपासून काकाच्या लेथजवळ उभा असतो. पाना आणून देतो, चुकीचा आणला म्हणून बोलणी खातो, गरम चिप्स हाताला लागून पोळून घेतो. कॉलेजात येतो तेव्हा आटे उलटे की सुलटे हे त्याला डोळे मिटून कळतं. त्याच घरातली त्याची बहीण गणितात त्याच्या पुढे असते, पण शेडमध्ये ती येते खंडेनवमीला, मशीनला हळदकुंकू वाहायला आणि पेढे वाटायला. मग पहिल्या सेमिस्टरला वर्कशॉपमध्ये दोघं शेजारी उभे राहिले की तिला वाटतं, याच्या रक्तातच आहे हे आणि आपण उगाच आलो. रक्ताबिक्ताचा काही संबंध नसतो. त्याचे हजारभर तास आधीच भरलेले असतात आणि तिचे सुरूच झालेले नसतात.

हे तास तिच्याकडून कोण काढून घेतं, तर बहुतेक वेळा तिच्यावर माया करणारी माणसं. तुम्हीच बघा. तुम्ही तिला पावत्यांना बसवता ते तिचा हात कापू नये, शॉक बसू नये म्हणून. कॉलेजात गेली की फिटिंगच्या सेक्शनमध्ये एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची पट्टी कानसून काटकोनात आणायची असते. मुलगी घामाघूम झालेली दिसली की वर्गातला एखादा चांगला मुलगा म्हणतो, "राहू दे गं, मी करून देतो." कधी वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टरच म्हणतात, "तू जर्नल नीट पूर्ण कर, जॉबचं बघू." तिचं जर्नल वर्गात सगळ्यात देखणं असतं. पण कानस कुठल्या कोनात धरली की पट्टीची कड गोल होते, हे तिच्या मनगटाला कधी कळतच नाही. ते कळायला पट्टी आधी बिघडवावी लागते, आणि तिला बिघडवू देत नाहीत.

तिथून पुढे कारखाना. ट्रेनी म्हणून सहा जण लागले, त्यात दोन मुली. चार मुलं मोल्डिंग (साचे करणं), मेल्टिंग (धातू वितळवणं), फेटलिंग (ओतलेला माल साफ करणं), मशीन शॉपला जातात. मुलींना सांगतात, "तुम्ही क्वालिटीत डॉक्युमेंटेशन बघा, तिथं पंखा आहे, लेडीज स्टाफ आहे." पीपॅपच्या (नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायच्या) फायली, कॅलिब्रेशनचे रेकॉर्ड, ऑडिटची तयारी. काम महत्त्वाचं असतं आणि मुली ते उत्तम करतात. पाच वर्षांनी प्रॉडक्शनचा इंचार्ज नेमायची वेळ आली की साहेब मनापासून म्हणतात, "मॅडम हुशार आहेत, पण त्यांना शॉपचा अनुभव नाही." अनुभव नाही हे खरंच असतं. तो कुणी घेऊ दिला नाही, ही गोष्ट तोवर कुणाच्या लक्षात राहिलेली नसते.

शॉपमध्ये उभं राहिल्यानं काय मिळतं त्याचं एक उदाहरण देते, कारण "अनुभव" म्हटलं की ते नुसतं मोघम वाटतं. मी नोकरीत होते तिथं एका पावसाळ्यात पंपाच्या बॉडीचं रिजेक्शन वाढलं. मशीनिंगला गेलं की बोअरच्या (मधल्या गोल भोकाच्या) आत ब्लो होल, म्हणजे वायू अडकून झालेली छिद्रं, उघडी पडायची. मीटिंगमध्ये जो तो आपापलं सांगत होता. कुणी म्हणे धातूचं तापमान कमी पडतंय, कुणी म्हणे वाळूत ओल जास्त आहे, कुणी व्हेंटिंग (साच्यातला वायू बाहेर जायच्या वाटा) वाढवा म्हणून बसलेलं. आमच्याकडे हातकणंगले तालुक्यातली एक ट्रेनी मुलगी होती. मी हट्ट करून तिला कोअर शॉपला, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी राखणारे वाळूचे गाभे (कोअर) बनतात तिथं, ठेवलं होतं. ती म्हणाली, होल फक्त कोअरच्या बाजूनंच दिसतात, आणि ज्या दिवशी आदल्या दिवसाचे कोअर वापरले जातात त्याच दिवशी जास्त निघतात. ते कोअर सोडियम सिलिकेट आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वायूनं घट्ट केलेले होते. असा कोअर दमट हवेत ओल धरतो, आणि आमचा रॅक नेमका शटरजवळ, जिथं कोल्हापूरचा जुलै सरळ आत येतो. वितळलेलं लोखंड ओल्या कोअरला भिडलं की त्या ओलीची वाफ होते आणि ती धातूत अडकते. रॅक आतल्या बाजूला हलवला, जुने कोअर ओव्हनमधून काढून मगच वापरायचे असं ठरवलं, आणि होल कमी झाले. पुस्तकातली ही माहिती मीटिंगमधल्या सगळ्यांना होती. रॅक कुठं आहे आणि कुठले कोअर शिळे आहेत हे फक्त तिला माहीत होतं, कारण ती तिथं उभी होती.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की पावत्या आठवड्यातले काही दिवस दुसऱ्या कुणाकडे द्या आणि मुलीला एक जळालेली मोटार द्या. साधी 5 एचपीची, तीन फेजची, चार पोलची, म्हणजे चार चुंबकी ध्रुवांची. तिलाच उघडू द्या. जुनं वाइंडिंग काढायच्या आधी स्लॉट, म्हणजे तार बसते त्या खाचा, मोजायला सांगा. 36 स्लॉट असतील तर 36 भागिले चार पोल, भागिले तीन फेज, म्हणजे दर पोलला एका फेजचे तीन स्लॉट, हे तिला तुम्ही सांगू नका, तिलाच काढू द्या. एका कॉइलचे वेढे किती, तारेचा गेज (जाडी) कुठला, पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं स्लॉटचं अंतर) किती, हे तिनं तिच्या वहीत लिहावं. स्लॉटमध्ये इन्सुलेशनचा कागद बसवताना तो हमखास फाटतो. फाटू द्या. पहिली मोटार वाया जाईल असं धरूनच चाला, तार थोडी जाईल. शिकवणीच्या फीपेक्षा ती स्वस्त पडेल.

मग तिला नेमप्लेट दाखवा. त्या पट्टीवर 1440 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 1440 फेरे, लिहिलेलं असतं. आपल्याकडे सप्लाय 50 हर्ट्झचा, चार पोलच्या मोटारीत चुंबकक्षेत्र मिनिटाला 1500 फेरे मारतं. मग मोटार 1440 वर का? उरलेले 60 कुठं गेले? तुम्ही आयुष्यभर हे आकडे बघताय आणि तुमच्या हाताला त्याचं कारण माहीत आहे. रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, त्या क्षेत्राच्या थोडा मागं राहतो म्हणूनच त्यात करंट तयार होतो आणि तो फिरतो, पूर्ण गाठला तर ओढच राहणार नाही. पण हे तुम्ही सांगण्याआधी तिला दोन-चार दिवस डोकं खाजवू द्या. कॉलेजात हा धडा "स्लिप" या नावानं येईल तेव्हा वर्गात बाकीचे सूत्र पाठ करत असतील, आणि तिच्या डोळ्यांसमोर तुमच्या दुकानातली मोटार असेल. माझ्या अनुभवात मुलीचा आत्मविश्वास अशा ओळखीतून तयार होतो आणि तो टिकतोही.

सुरक्षेचं मात्र काटेकोर पाळा. सप्लाय जोडून टेस्टिंग तुम्ही शेजारी असल्याशिवाय नाही. मशीनजवळ ओढणी नको, वेणी बांधून टोपीत, बांगड्या-अंगठ्या काढून, पायात बंद बूट. हे नियम तुमच्या दोन पोरांनाही लावा. ते चपला घालून काम करत असतील तर तिला वाटेल हे नियम मुलीच्या जातीसाठी आहेत.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पहिलं म्हणजे, हे तिला हवंय की तुम्हाला? तुमच्या प्रश्नावरून तिलाच हवंय असं वाटतं, पण महिनाभर मोटारी उघडून तिला कंटाळा आला आणि ती म्हणाली, बाबा, मला दुसरं काही करायचंय, तर ते मनावर घ्या. अशी मुलगी कमी पडली असं नसतं. तिनं काम बघून नाही म्हटलं, एवढंच. न बघता नाही म्हणणाऱ्या आणि न बघता हो म्हणणाऱ्या, दोघींपेक्षा तिचा निर्णय पक्का. दुसरं म्हणजे गणित. 91 टक्क्यांत गणिताचे किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी बरीच मुलं गणितात आणि ड्रॉइंगमध्ये अडकतात, त्यात मुलगा-मुलगी असं काही नाही. पाया कच्चा असेल तर सुट्टीत त्रिकोणमिती आणि बीजगणित पक्कं करून घ्या. ड्रॉइंगसाठी घरातली कुठलीही वस्तू, पाण्याचा नळ, पक्कड, समोरून, वरून आणि बाजूनं कशी दिसेल ते कागदावर काढायला लावा.

आजीशी वाद घालू नका, त्यांना दाखवा. "हात काळे" म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर जुना उद्यमनगरातला शेड असतो, तेल, धूर, पाठीवर ओझं. तशी ठिकाणं आजही आहेत, नाही म्हणत नाही. पण 40 किलोचं कास्टिंग हातानं उचलणं पुरुषालाही बरोबर नाही. आमच्याकडे ते होइस्टनं उचलतात, आणि होइस्टचं बटण दाबायला मनगटात फार बळ लागत नाही. सीएनसीवर (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर) सेटिंग लावायला, टूलचा ऑफसेट द्यायला, स्पेक्ट्रोवर धातूचा नमुना तपासून भट्टीत काय घालायचं ते ठरवायला डोकं आणि चिकाटी लागते. ओळखीत एखादा बऱ्यापैकी कारखाना असेल तर रीतसर विचारून आजींना एकदा आत घेऊन जा. कामाच्या दिवशी न्या, पूजेच्या दिवशी नको. माझ्याकडे आलेल्या एका आजींनी ऑपरेटर मुलीला विचारलं, "हे सगळं तुला कळतंय?" ती म्हणाली, "आजी, कळतंय, आणि पगार माझ्या खात्यावर येतो." आजी पुढं काही बोलल्या नाहीत, पण जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

आजींना आणखी एक गोष्ट आठवण करून द्या. याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं 2010 साली नेमबाजीत जागतिक विजेतेपद मिळवलं आणि राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. मुलीच्या हातात बंदूक बघून या गावानं त्यांच्या मिरवणुका काढल्या. मग मुलीच्या हातात मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) बघायला अडचण यायचं कारण नाही.

मामांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. कॉम्प्युटर चांगली शाखा आहे, आणि सुरुवातीचा पगार बऱ्याचदा आपल्याकडच्या कारखान्यापेक्षा जास्त असतो. हे लपवून मुलीला मेकॅनिकलला पाठवणं योग्य नाही. शिरोलीत डिप्लोमा ट्रेनीला पहिल्या वर्षी मिळणारे पैसे बघून पुष्कळ घरं नाराज होतात. पण मामांना दोन गोष्टी विचारा. तिला कोडिंग आवडतं का? आणि मुलगी जवळ राहावी असं वाटत असेल तर कॉम्प्युटरची चांगली नोकरी कुठं आहे? बहुतेक पुणे, बंगळूर. उलट फौंड्री, मशीन शॉप, इंजिन, पंप, साखर कारखाना हे सगळं आपल्या जिल्ह्यातच आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत, कागलला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना. मुलीला लांब पाठवायचं नाही म्हणून लांब नेणारी शाखा सुचवायची, असं पुष्कळ घरात चाललंय. देशात बीई-बीटेकला मुलींचं प्रमाण तीस टक्क्यांच्या जरा आतच आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणी कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्सला असतात. मेकॅनिकलच्या वर्गात आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली दिसतात, आणि त्यामागं त्यांच्या आवडीपेक्षा घरात झालेली अशी चर्चाच जास्त असते.

उदाहरण कुणाचं द्यावं असं तुम्ही विचारलं होतं. एकच सांगते, ते मुलीइतकंच तुमच्यासाठीही आहे. ए. ललिता या भारतातल्या पहिल्या महिला अभियंत्यांपैकी एक. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, कडेवर चार महिन्यांची मुलगी. त्यांचे वडील पप्पू सुब्बा राव मद्रासजवळच्या गिंडीच्या अभियांत्रिकी कॉलेजात इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक होते. तोवर त्या कॉलेजात एकही मुलगी नव्हती. वडिलांनी प्राचार्यांशी बोलून तिला प्रवेश मिळवून दिला, आणि 1943 साली ललिता इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. पुढं भाक्रा नांगलच्या वीजवाहिन्यांच्या कामात त्यांचा सहभाग होता. मला यात वडिलांनी काय केलं ते फार मोलाचं वाटतं. जिथं त्यांचा शब्द चालत होता तिथं तो त्यांनी खर्च केला. तुमचा शब्द दुकानात चालतो, आणि त्या भागातल्या निम्म्या पंपवाल्यांशी, कारखान्यांच्या इलेक्ट्रिशियनशी तुमची ओळख असणार. ती ओळख तिच्या ट्रेनिंगसाठी वापरा.

रस्ता कुठला घ्यावा? ती हातानं काम करायला उत्सुक असेल तर दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा मला जास्त पसंत आहे. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, वयाच्या सोळाव्या वर्षी वर्कशॉप सुरू होतं, आणि पुढं शिकायचं झालं तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. अकरावी-बारावी करून सीईटी देण्याचा रस्ताही चांगला आहे. आयआयटीची तयारी करायची असेल तर तोच घ्यावा लागेल, तिथं 2018 पासून मुलींसाठी वाढीव जागा ठेवल्या आहेत. पण नुसतं "डिप्लोमा म्हणजे कमी" या समजुतीनं बारावीकडे वळू नका. आमच्या भागातले कितीतरी चांगले प्लँट हेड आधी डिप्लोमा करूनच वर आलेत. इलेक्ट्रिकल की मेकॅनिकल, हे तिला मोटारीत वाइंडिंग जास्त आवडतं की शाफ्ट-बेअरिंग, यावरून महिनाभरात तुम्हालाच कळेल.

कोल्हापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, ते पहिल्या पसंतीला ठेवा. डिग्रीपर्यंत गेली तर वारणानगरचं तात्यासाहेब कोरे कॉलेज तुमच्या दारातच आहे, गोकुळ शिरगावला केआयटी आणि सांगलीला वालचंद ही कॉलेजं आहेत. राहण्याची सोय मुलींपुरतीच हवी असं घरच्यांचं म्हणणं असेल तर तासगावला शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन आहे, पण तिला हवी ती शाखा तिथं आहे का ते आधी बघा. वसतिगृहासाठी शाखा बदलू नका. कुठल्याही कॉलेजात गेलात की ऑफिसपेक्षा वर्कशॉप बघा. मशीनवर धूळ आहे की तेल? गेल्या वर्षी ट्रेनिंगला मुली कुठल्या कंपन्यांत गेल्या? हे तिलाच विचारू द्या.

पहिल्या नोकरीच्या वेळी तुम्ही तिच्याबरोबर उभं राहायला हवं, तेही आत्तापासून ठरवून ठेवा. मुलींची गळती मला सगळ्यात जास्त इथं दिसते. प्रवेश होतो, पदवी होते, आणि नोकरी वर्षभरात सुटते. कारणं फार साधी असतात. स्वच्छतागृह नसतं किंवा स्टोअरच्या मागं कुलूप लावलेलं असतं, म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि आजारी पडतात. बायका कामाला असतील तर स्वतंत्र स्वच्छतागृह ठेवणं हे 1948 च्या कारखाने कायद्यापासून बंधनकारक आहे, त्यात कुणी मेहरबानी करत नाही. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवीच, 2013 चा कायदा आहे. मुलाखतीला जाताना या दोन गोष्टी विचाराव्यात. विचारल्यानं नोकरी जाईल अशी भीती वाटते, पण प्रश्न ऐकून जिथं नाराज होतात तिथं पुढं तिला त्रासच झाला असता.

दुसरं कारण शिफ्ट. जुन्या कायद्यात मुळात बायकांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कारखान्यात कामाला ठेवायला बंदी होती. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत बाईची संमती घेऊन आणि सुरक्षेची व्यवस्था करून रात्रीचं काम देता येतं. सगळ्यांनी रात्रपाळी करावी असं मी म्हणत नाही. पण ट्रेनीच्या काळात दुसरी शिफ्ट कधीच केली नाही तर अर्धा कारखाना बघायचा राहतो, कारण बिघाड साहेब घरी गेल्यावरच होतात. कंपनीची गाडी दारापर्यंत सोडत असेल तर थोडे महिने करू द्या. गाडी नसेल तर आग्रह धरू नका, शिरोली नाक्यावर रात्री अकराला मुलीनं वडापची (सहा-आठ जणांच्या खाजगी गाडीची) वाट बघत उभं राहणं हे कुठल्याही शिक्षणाचा भाग नाही. आणि नियुक्तीच्या वेळी तिनं स्वतः म्हणावं, "मला पहिलं वर्ष शॉपवर द्या, फायली मी नंतर बघते." ट्रेनी असं म्हणाली की मी तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघते, आणि मी एकटीच अशी नाही.

लग्नाचा विषय आजी काढतीलच. स्थळ मिळणार नाही ही भीती मी पुष्कळ ऐकली, पण ज्या मुलीचं काम तिच्या हातात पक्कं आहे तिला मी त्यापायी अडलेली पाहिली नाही. मात्र लग्नानंतर गाव बदलतं, मूल होतं, आणि दोन-तीन वर्षांचा खंड पडतो, हे खरं आहे. 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्यानं आहे, त्यानंतर मूल कोण सांभाळणार हा घरचा प्रश्न उरतो. परत येताना तिच्याकडे कुठेही चालेल असं कौशल्य असेल, म्हणजे मशीन प्रोग्रॅमिंग, वाइंडिंग डिझाइन, पॅनेलचं काम, तर दार उघडतं. नुसता "क्वालिटीत होते" एवढा अनुभव घेऊन परत आलेल्या मुलींना मी अडखळताना बघितलंय. पहिल्या वर्षी शॉपवर उभं राहण्याचा एवढा आग्रह मी त्यासाठीही धरते.

आता पैशाचं, कारण यात घाई आहे. 2024-25 पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. अट अशी, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झाला पाहिजे. "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादानं मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर ही माफी जाते. यात वसतिगृह आणि मेस येत नाही. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तुमच्या नावावर थोडी शेती असेल तर तो बघा. याशिवाय एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती फक्त मुलींसाठी आहे, डिप्लोमालाही चालते, वर्षाला 50,000 रुपये, उत्पन्नाची मर्यादा तीच 8 लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. निवड गुणांवर होते आणि जागा मर्यादित असतात, पण 91 टक्केवाली मुलगी अर्ज करायची राहून जाऊ नये.

यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला आणि तुमच्या गटाप्रमाणे नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र लागतं. जूनमध्ये पन्हाळा तहसीलला आणि सेतू केंद्रांत झुंबड उडते, सर्व्हर बंद पडतो, आणि दाखल्यावाचून मुलींच्या हातची प्रवेशाची फेरी जाते. निकाल लागलाय, तर उद्याच अर्ज टाका, आणि मुलीच्या बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का तेही बघून घ्या, शिष्यवृत्तीचे पैसे थेट त्याच खात्यावर येतात.